वीस मिनिटांचं निदान

४ एप्रिल

दादा,

तुझा माळी पोचला. त्याच्याबरोबर तुझी चिठ्ठीही पोचली: 'अतिविषारी कोळ्याचा दंश. ताबडतोब उतारा द्यावा.' अपघात विभागातल्या सगळ्या सिस्टरांनी ती एकमेकींना वाचून दाखवली. एकीने मला विचारलं, "मॅडम, हे डॉक्टर कुठे असतात?" मी म्हटलं, "माझा थोरला भाऊ आहे. झाडं विकतो."

तर तुझा अतिविषारी कोळी मी चिमट्याने बाहेर काढला. बोगनवेलीचा काटा निघाला, चांगला नखाएवढा. आत पू झाला होता आणि वर तू कसलासा हिरवा लेप थापला होतास. पू काढायला वेळ लागला नाही, लेप धुवायला लागला. माळ्याला विचारलं, कोळी पाहिलास का रे? तर म्हणतो, "मी नाही बघितला, मालकांनी ओळखला." धन्य आहे!

अरे, 'कोळी चावला' म्हणून जे येतात त्यांतल्या बहुतेकांना गळू झालेलं असतं. विषारी कोळी खरंच चावतो तेव्हा जखम बऱ्याचदा दिसतही नाही. पण माणसाला दरदरून घाम फुटतो, पाठ आणि पाय पिळवटून निघतात, पोट फळीसारखं कडक होतं. त्या माणसाकडे बघायचं सोडून तू छपरातली जळमटं बघत बसलास.

उत्तर टेम्पोवाल्याच्या हाती दे. रोपवाटिकेत फोन घ्यायचा नाही हा तुझा हट्ट का आहे ते मला चांगलं माहीत आहे. फोनवर समोरचा मध्येच बोलू शकतो ना.

तुझी धाकटी बहीण


७ एप्रिल

डॉक्टरीणबाईंस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

काटा निघाला म्हणजे कोळी नव्हताच, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आधी कोळी चावला असेल, मग काटा घुसला असेल. पण जाऊ दे. तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या पुस्तकात नाही ते जगात नाही.

आता माझं ऐक. पंधरा पावसाळ्यांपूर्वी माझ्या पॅकिंगवाल्याला जाळीच्या शेडमध्ये साप चावला होता. मी काय केलं? मांडीला दोरी करकचून आवळली, ब्लेडने जखमेवर फुली मारली, तोंडाने रक्त ओढून थुंकलो. तुझ्या सिस्टरांतल्या एकीची तरी छाती झाली असती का? तो पॅकिंगवाला आज खताच्या गोणी पाठीवर वाहतोय. तेव्हा तू कॉलेजात बेडूक फाडत होतीस.

ही म्हणते, वन्संना असं टोचून लिहू नका, त्या दमलेल्या असतात. हिला काय कळतंय! चहा टाक म्हटलं आणि लिहायला बसलो.

तुमच्या त्या मोठ्या इस्पितळात साप चावलेल्या माणसाला तुम्ही असं काय मोठं करता, ते एकदा लिहून कळव. झाडं विकणाऱ्याच्या ज्ञानात भर पडेल.

दादा


११ एप्रिल

दादा,

तुझं पत्र जेवताना वाचलं, ही माझी चूक झाली. ठसका लागला.

तुझ्या पॅकिंगवाल्याला चावलेला साप कसा होता, हे मी तुझ्या टेम्पोवाल्याला विचारून घेतलं. लांबलचक, पिवळसर, सळसळत पळालेला. ती धामण होती, दादा. धामणीला विषच नसतं. खऱ्या विषारी सापानेही कधीकधी नुसते दात लावलेले असतात, विष सोडलेलंच नसतं. मग शेजारी कुणीतरी दोरी आवळलेली असते, कुणी मंत्र म्हटलेला असतो, आणि माणूस उठून बसला की त्या दोरीचा सत्कार होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! तुझ्या दोरीने तो मेला नाही, यात शौर्य असेल तर त्याच्या मांडीचं आहे. अशी आवळलेली दोरी वेळेवर सुटली नाही म्हणून काळे पडलेले पाय मी कापायला पाठवले आहेत. ब्लेडच्या फुलीने विष निघत नाही, रक्त मात्र वाहतं. आणि तोंडाने ओढून निघायला ते काय शीतपेय आहे?

साप चावला की चावलेला अवयव मोडल्यासारखा समजायचा. पट्टी बांधून हलू द्यायचा नाही. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या. माणसाला चालवायचं नाही, आणि गाडीत घालून आणायचं. सापाच्या मागे काठी घेऊन पळायचं नाही. हे पहिलीतल्या पोराला कळेल, तुला कळेल की नाही शंकाच आहे.

आम्ही काय मोठं करतो? आम्ही साप नाही बघत, माणूस बघतो. पापण्या मिटायला लागल्यात का, आवाज घोगरा झालाय का, घोट गिळता येतोय का. नाग आणि मण्यार असं करतात. घोणस आणि फुरसं रक्त नासवतात. त्यासाठी कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग नळी आडवी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं. गोठलं तर नाही. यंत्र नाही, औषध नाही, खर्च नाही. इतकं सोपं आहे. तरी तुमच्यासारखे लोक शतकानुशतकं ब्लेडच घेऊन बसलेत.

वहिनीला सांग, मी दमलेली नसते. ती भोळी आहे बिचारी, तिला वाटतं सगळे तिच्यासारखे दमतात.

बहीण


१५ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

वीस मिनिटांची ही गोष्ट शिकायला तू इतकी वर्षं घालवलीस? मी एका दुपारी शिकलो.

शहरातल्या काचसामानाच्या दुकानातून टेम्पोवाल्याकरवी नव्या नळ्या मागवल्या. आधी माझं रक्त, मग माळ्याचं, मग पॅकिंगवाल्याचं. सगळ्यांचं वीस मिनिटांत छान गोठलं, नळी उलटी केली तरी हललं नाही. टेम्पोवाला पळून गेला. हिचंही घेणार होतो, पण ही म्हणाली, माझ्या रक्ताने तुमचं काय अडलंय? मी म्हटलं, बरं, राहू दे.

आता ऑफिसच्या खोलीत बियाण्यांच्या डब्यांशेजारी नळ्यांचा स्टँड आहे. दारावर पाटी लावली आहे: 'दंश झाल्यास प्रथम मालकांना भेटावे.' दोरी आणि ब्लेड दोन्ही फेकून दिलं. बघ, चांगलं कुणी सांगितलं तर मी ऐकतो. सांगण्याची पद्धत तेवढी सुधार.

दादा


१८ एप्रिल

दादा,

तुझ्या पाटीबद्दल वॉर्डात सांगितलं. सगळे पोट धरून हसले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय ते लोकांना एकदा बघायला मिळालं. इथे खाटा कमी पडतायत, तुझ्या कौतुकाला वेळ नाही. खेळ चालू दे.

बहीण


२७ एप्रिल, सकाळ

डॉक्टरीणबाई,

काल दुपारी हिला साप चावला. घाबरू नकोस. घाबरण्यासारखं असतं तर असा निवांत लिहीत बसलो नसतो.

शेडच्या मागे रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवत होती. उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी चावला. मी धावत गेलो. साप हातभर, जाडसर, अंगावर तपकिरी ठिपके. बघताक्षणी ओळखला, डुरक्या घोणस. बिनविषारी, मातीत लोळणारा आळशी प्राणी. पण मी अंदाजावर थांबलो नाही हं. दोरी बांधली नाही, ब्लेड लावलं नाही. बांगड्या काढल्या. गुलाबाला आधार देतो त्या कामटीला हात बांधून टाकला. तुझ्या पत्रात होतं तस्संच. मग नळीत रक्त घेतलं आणि समोर घड्याळ ठेवून बसलो. ही सारखी म्हणत होती, मला वन्संकडे घेऊन चला. मी म्हटलं, वीस मिनिटं दम धर. आणि वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त घट्ट! म्हणजे विष नाही. हे तुझंच शास्त्र आहे, माझं नाही.

तरी हिचा धोशा सुरूच. मी सांगितलं, काट्याच्या वेळी तिथल्या सिस्टरांनी हसून घेतलं ते पुरे झालं. आता पुन्हा डुरक्या चावला म्हणून बायकोला घेऊन गेलो तर वर्षभर पुरेल त्यांना.

आज हात कोपरापर्यंत सुजलाय, पण चावल्यावर सूज येणारच. दात घासताना हिरड्यांतून थोडं रक्त आलं. ब्रश नवा आहे. दोनदा उलटी झाली, ते पित्त. लघवी लालसर झाली म्हणते, उन्हात पाणी कमी प्यायली असेल. कंबर दुखतेय, ती नेहमीचीच.

टेम्पो आता पामच्या कुंड्या घेऊन तुमच्या इस्पितळासमोरच्याच हॉटेलात निघालाय, म्हणून घाईत संपवतो. एवढं एकदा लिही, की दादा, यावेळी तू सगळं बरोबर केलंस.

दादा


२७ एप्रिल

दादा,

हे पत्र ज्या गाडीतून आलंय ती रुग्णवाहिका आहे. ती वहिनीसाठी आहे. तिला उचलून झोपव, चालवू नकोस. कामटी काढू नकोस. सुई टोचू नकोस, नळीत रक्त घेऊ नकोस. उतारा आणि नर्स गाडीतच आहेत, ती सांगेल ते ऐक.

गाढवा, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येतंय आणि तू मला पत्र पाठवलंस! पेशंट घरी ठेवून पत्र! वाचत उभा राहू नकोस.


२ मे

बाई,

तू मला वॉर्डातून बाहेर काढलंस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "यांना दाराच्या आत येऊ देऊ नका, हे निदान करतात." थोरल्या भावाला! बाकावर बसून होतो, शेवटी टेम्पोवाल्याने घरी आणून सोडलं.

इथे कुणी माझ्याशी बोलत नाही. माळ्याने पाटी काढून ठेवली, मला न विचारता. पॅकिंगवाल्याने नळ्यांचा स्टँड उचलून नेला, तेही न विचारता.

पण एक गोष्ट मी बोलणारच. तुझं पत्र माझ्यासमोर आहे. 'रक्त वाहिलं तर विष भिनलं. गोठलं तर नाही.' हे तुझ्या हातचं आहे. पुन्हा पुन्हा करून बघायचं असतं, असं एक अक्षर यात नाही. ते मला तुझ्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरने बाकाशी येऊन सांगितलं. मी तू लिहिलंस तेवढं सगळं केलं. तू लिहिलंच अर्धं, त्याला मी काय करू?

तिला यंत्राला जोडलंय म्हणे. किडनी बंद पडलीय. चालू होईल की नाही? मला खरं सांग. भांडण नंतर करू, मी उत्तरही देणार नाही. आधी हे सांग.

दादा


५ मे

दादा,

किडनी चालू होईल की नाही, मला माहीत नाही. हे माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोयस ना? ऐक. उतारा दिल्यावर रक्त गोठायला लागलं, हिरड्यांतलं रक्त थांबलं, हात वाचला. पण विष एक रात्रभर अंगात होतं. त्याने किडनीचं जे केलं ते उतारा देऊन माघारी फिरत नाही. यंत्रावर रक्त धुतोय आणि वाट बघतोय. लघवी अजून थेंबभर. काहींची किडनी परत येते, काहींची येत नाही.

तो डुरक्या नव्हता. घोणशीचं पिल्लू होतं. दोघांच्या अंगावर ठिपके असतात आणि दोघांना ओळखणारे तुझ्यासारखे शहाणे गल्लोगल्ली असतात.

पत्राचं म्हणशील तर खरं आहे, मी लिहिलं नाही. घोणशीचं विष रक्तातलं गोठणारं द्रव्य हळूहळू संपवत जातं. ते पुरतं संपेपर्यंत रक्त गोठतं. म्हणून पहिली नळी गोठली तरी पेशंटला सोडत नाहीत, दर काही तासांनी पुन्हा बघतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण ते पत्र लिहिताना मला तुला शिकवायचं नव्हतं, तुला गप्प करायचं होतं. 'इतकं सोपं आहे' हे वाक्य लिहायला मला फार मजा आली. पुन्हा पुन्हा करा, वाट बघा, खात्री नसते, असं लिहिलं असतं तर तितकं झोंबलं नसतं. तू नळ्या मागवल्यास ते कळलं तेव्हाही एक ओळ लिहिता आली असती. मी हसत बसले. शरम वाटते मला, आणि तुझ्याइतकीच चीड माझी स्वतःची येते.

पण त्याने तू सुटत नाहीस. गाडीत घालून आण, हेही त्याच पत्रात होतं. तेवढं मात्र तुला दिसलं नाही.

येऊ नकोस म्हणत नाही. आलास तर बाकावर बस.

बहीण


१९ मे

अहो, आणि वन्सं,

एकच पत्र दोघांना लिहितेय. आधी वन्सं वाचतील, मग टेम्पोवाला घेऊन जाईल. उजवा हात अजून बांधलेला आहे, डाव्याने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, तसंच वाचा.

लघवी सुरू झाली आहे. वन्संना माहीत आहे, त्या भांडं घेऊन उभ्याच होत्या. अहो, तुम्हाला सांगते, नीट होतेय. यंत्र काढलं. त्या तरुण डॉक्टरने सांगितलं की किडनी परत आली, पण वर्षभर जपायचं. अंगठा मात्र पूर्वीसारखा वळणार नाही.

आता जरा माझं ऐका. तुमची पत्रं मी सगळी ऐकली आहेत. आलेलं प्रत्येक पत्र हे मोठ्याने वाचायचे, लिहिलेलंही वाचून दाखवायचे. मी ऐकायचे आणि चहा करायचे. हिला काय कळतंय, असं एकाने लिहायचं, भोळी आहे बिचारी, असं दुसरीने. एरवी सूर्य कुठे उगवतो यावर तुमचं जमणार नाही, पण एवढ्या गोष्टीवर तुम्हा भावंडांचं एकमत होतं.

साप मी तुमच्या आधी पाहिला होता, अहो. कुंड्यांच्या आड तो कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारत होता. डुरक्या असा आवाज करत नाही, हे शेडमध्ये काम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बोलू नकोस, वेळ मोजतोय." दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला तेव्हा मी चपला घालून फाटकात उभी होते. पाम मागे रचले होते. पुढे ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. तुम्ही त्याच्या हातात पाकीट दिलंत आणि मला म्हणालात, "उन्हात कशाला आलीस, आत जाऊन पड." मी आत जाऊन पडले. तेवढा मूर्खपणा माझा. पुन्हा करणार नाही.

वन्सं, तुम्ही जीव वाचवलात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही. पण रोज सकाळी माझ्या उशाशी उभं राहून त्या शिकाऊ पोरींना तुम्ही सांगायचात, "बघा, अडाणीपणा असा दिसतो." त्या सगळ्या माझ्याकडे बघायच्या. माझ्याकडे, वन्सं. ह्यांना तर तुम्ही बाहेर बाकावर बसवलेलं होतं.

ह्यांनी सापाचे ठिपके बघितले, मग घड्याळ. तुम्ही विचारलंत, किती वाजता चावला, लघवीचा रंग कसा, उलट्या किती. इथल्या सगळ्या डॉक्टरांनी हेच विचारलं, ते त्यांचं काम. पण पहिल्या दिवसापासून हा हात विस्तवात धरल्यासारखा जळत होता. तुम्ही माझी माणसं. दुखतंय का गं, एवढं तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. जमिनीवर फडका मारणाऱ्या बाईने विचारलं, तेव्हा मला रडू फुटलं, आणि तुम्ही फाईलमध्ये लिहिलंत की पेशंट अस्वस्थ आहे.

मला परवा सोडणार आहेत. मी भावाकडे चालले आहे. तो घ्यायला येतोय, तेव्हा तुम्ही दोघांनी त्रास घेऊ नका. किती दिवस राहायचं ते मी ठरवेन. औषधं कधी घ्यायची ते त्या तरुण डॉक्टरने मला समजावलंय, आणि मला समजलंय.

तोवर घरचा स्वयंपाक ह्यांनी करावा, आणि तो कुठे कसा बिघडला ते पत्राने वन्संना कळवावं. वन्संनी उलट टपाली चुका काढाव्यात. तुम्हाला भांडायला काहीतरी लागतंच, आणि यात निदान मी तरी मधे नाही.